आकारामनं उघडलेला कॅमेरा

शिवाजी पेठेत तालमीसमोरच्या बोळात बाळासो चौगल्यांचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या जिन्याखाली आकाराम कुरणेचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक स्टूल, एक दिवा, आणि गिऱ्हाइकानं बसायला बाहेरची पायरी. पाटीवर 'कॅमेरा रिपेअरी' एवढीच अक्षरं. शेजारी पेठेतल्या पेंटरनं हौसेनं एक कॅमेरा काढला होता, त्याला माणसाच्या डोळ्यांसारख्या शेजारीशेजारी दोन लेन्स होत्या. असा कॅमेरा मी तरी कुठं बघितला नाही, असं मी आकारामला एकदा म्हटलं. तो म्हणाला, "असू दे की बाई. आला दुरुस्तीला तर बघू."

मी तिथून जवळच मुलींच्या हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते. १९९६ साली मी एक जुना कॅमेरा घेतला. मुलींना दाखवायला चित्रांच्या स्लाइड काढत होते, आणि त्या फिक्या येत होत्या. कुणीतरी आकारामचं नाव सांगितलं. मी कॅमेरा टेबलावर ठेवला आणि तक्रार सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानं थांबवलं. कॅमेरा कानाला लावला, बटण दाबलं, चकती फिरवली, पुन्हा दाबलं. मग म्हणाला, "साठला लावल्यावर ह्याचं शटर चाळीसला चाललंय. फोटो पांढरं येत असतील तुमचं."

मला वाटलं, हा मनुष्य मला बनवतोय. सेकंदाचा साठावा भाग आणि चाळिसावा भाग यातला फरक कानाला कसा कळेल? मी कॅमेरा परत घेतला आणि सायन्स कॉलेजातल्या ओळखीच्या सरांकडून यंत्रावर मोजून घेतला. एक्केचाळीस आलं. मी तशीच परत येऊन पायरीवर बसले. आकारामनं काही विचारलं नाही, कॅमेरा घेऊन कामाला लागला. त्यानंतर दर रविवारी सकाळी मी त्या पायरीवर जात आलेय.

आकाराम मूळचा बिद्रीजवळच्या एका खेड्यातला. वडील रोजगारानं जायचे. बाबासाहेबांचा फोटो लावलेल्या त्या दोन खणांच्या घरात शिकण्यावरून कधी सवलत नव्हती. आकारामनं आयटीआय केलं आणि साखर कारखान्यात हंगामी म्हणून लागला. वाफेचा दाब मोजणारी गेजं उघडून साफ करायची, हे त्याचं काम. तिथून तो कॅमेऱ्यापर्यंत कसा आला, हे बाळासो सांगायचे. दर सहा महिन्यांनी सांगायचे, आणि आम्ही दर वेळी ऐकायचो.

"एक्क्याण्णव साल. गळिताचा शुभारंभ. पावणं हार घालून उभं, उसाची मोळी टाकायची वेळ, आणि माझं शटर अडकलं. दुसरा कॅमेरा न्हाय. मी घामानं भिजलोय. बाजूला ह्यो गडी हातात गेज घिऊन उभा. म्हणतोय, द्या बघू. म्हटलं, कॅमेरा उघडलायस काय कधी? तर म्हणतोय, न्हाय, पर आत स्प्रिंगच असणार की."

पोत्यावर बसून, गेजाच्या स्क्रू-ड्रायव्हरनं त्यानं तो कॅमेरा उघडला. वर अध्यक्षांचं भाषण सुरू झालं होतं. भाषण संपायच्या आत कॅमेरा चालू झाला. बाळासोंना त्या दिवशी मोळीचा फोटो मिळाला, पण डोक्यात तो गडीच राहिला. वर्षभर ते त्याच्या मागं लागले आणि शेवटी त्याला कोल्हापुरात आणून आपल्या जिन्याखाली बसवलं. पुढच्या बारा वर्षांत निपाणीपासून राधानगरीपर्यंतच्या फोटोग्राफरांचे कॅमेरे त्या टेबलावरून गेले.

मग डिजिटल आलं. दोन हजार चारनंतर रोल दिसेनासे झाले. बाळासोंनी डार्करूम मोडून तिथं कॉम्प्युटर ठेवला. आकारामकडं येणारे कॅमेरे आधी निम्मे झाले, मग महिन्याला दोन-तीन. तो शाळा-कॉलेजांची सूक्ष्मदर्शक यंत्रं दुरुस्त करू लागला, दुर्बिणी करू लागला. डिजिटल कॅमेरा घेऊन कुणी आलंच तर सांगायचा, "ह्यातलं मला कळत न्हाय. कंपनीकडं न्या." त्याची बायको शालूबाई अंगणवाडीत होती, घर चालत होतं. तरी रिकाम्या टेबलासमोर बसलेला आकाराम बघवत नसे.

रविवारची बैठक मात्र चालू होती. बाळासो वरून खाली यायचे, मी शाळेला सुट्टी म्हणून यायचे, आणि राजवीर सरनोबत मोटरसायकलवरून यायचा. राजवीर कॉम्प्युटरमध्ये काम करणारा, तिशीच्या आतला. फोटोचं वेड त्याला इंटरनेटवरून लागलेलं.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात त्या नव्या कॅमेऱ्याचं वारं आलं. राजवीर दर रविवारी कागद छापून आणायचा आणि पायरीवर मोठ्यानं वाचायचा. एका जपानी कंपनीनं छोटा डिजिटल कॅमेरा काढला होता, पण रूप चाळीस वर्षांपूर्वीचं. चांदीच्या रंगाचा माथा, काळं कातडं, वर शटरची चकती, लेन्सला फिरवायचं कडं, डोळा लावून बघायला काचेची छोटी खिडकी. अमेरिकेत लोक रांगा लावून घेत होते. दुकानात येण्याआधीच संपत होता.

बाळासो चिडायचे. "हे सोंग हाय राजवीर. आत तुझं तेच कॉम्प्युटर. वरनं म्हाताऱ्याचा फेटा बांधलाय."

"काका, चित्राचा दर्जा बघा. लोकांनी चाचण्या घेतल्यात."

"म्हैस घेताना तू शिंगाचा रंग बघतोस काय? धारंला बसून बघायची असती म्हैस. हितं समद्या जगानं शिंगंच बघितल्यात."

"तुम्ही हातात तरी घेतलाय का?"

"तू घेतलायस?"

राजवीरनंही घेतलेला नव्हता. ज्या वस्तूला दोघांनी हातही लावला नव्हता, तिच्यावरून ते दीड महिना भांडत होते. मला विचारलं की मी म्हणायचे, दिसायला देखणा आहे, आणि मग दोघंही माझ्यावर उलटायचे. आकाराम काहीच बोलत नसे. फक्त छापलेल्या कागदांवरचे कॅमेऱ्याचे फोटो भिंग लावून बघत राहायचा.

जुलैमध्ये राजवीरच्या मेहुण्यानं सिंगापूरहून तो कॅमेरा आणला. त्या रविवारी बोळात गर्दी झाली, तालमीतले गडीसुद्धा बघायला आले. राजवीरनं मखमली कापडातून तो काढला तेव्हा मी नुसती बघत राहिले. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याचा थोरला भाऊ कुणीतरी आंघोळ घालून समोर आणून बसवावा, तसा तो दिसत होता. बाळासोंनी हातात घेतला, उलटा केला, मागचा स्क्रीन बघितला आणि परत दिला. "हे बघा. फेट्याखाली टीव्ही."

राजवीरनं बटण दाबलं. खट्-खर्र असा खणखणीत आवाज आला, जुन्या कॅमेऱ्याचा. तालमीतला एकजण म्हणाला, "नाद खुळा."

"दे जरा," आकाराम म्हणाला. त्यानं कॅमेरा कानाला लावला आणि तीन वेळा बटण दाबलं. चौथ्यांदा दाबून म्हणाला, "ह्यात दोन आवाज हायत. मोठा हाय त्यो टेपवरचा, ह्या बारक्या भोकातनं येतोय. त्याच्या खाली अजून एक हाय, लई बारीक. त्यो शटरचा."

"काका, एकच आवाज आहे," राजवीर म्हणाला.

"बंद करता येतोय काय मोठा? बघ की."

राजवीरनं मेनूत शोधाशोध केली. आवाज बंद करायची सोय निघाली. पुन्हा बटण दाबलं, तर शांतता. आकारामनं कॅमेरा माझ्या कानाला लावला आणि म्हणाला, "आता ऐका." ऐकू आला. वाळलेल्या काडीचं टोक मोडावं एवढासा, टिक्. इतका बारीक आवाज त्या खणखणाटाखालून त्याला ऐकू आला होता. तालमीतले गडी एकमेकांकडं बघू लागले.

बाळासोंना तेवढंच हवं होतं. "बघा. आवाजसुद्धा खोटा. मी काय सांगत होतो?"

"वरचा खोटा हाय दादा," आकाराम म्हणाला. "आतला खरा हाय. आणि चांगला हाय."

भांडण त्या दिवशी मिटलं नाही. उलट पुढचा महिनाभर चढत गेलं.

ऑगस्टच्या शेवटी राजवीर मित्रांबरोबर राधानगरीकडं गेला. धबधब्याजवळच्या दगडावर पाय घसरला, तो सावरला, पण कॅमेरा पाण्यात गेला. गुडघाभर पाणी, गढूळ. काढेपर्यंत पाच मिनिटं गेली. घाबरून त्यानं तिथंच चालू करून बघितला. स्क्रीन एकदा पांढरा झाला आणि सगळं बंद पडलं.

मोठ्या शहरातल्या दुरुस्ती केंद्रानं तो दहा दिवस ठेवून परत पाठवला. पाणी गेलेलं आहे, होणार नाही, नवा घ्या. राजवीर रविवारी आला आणि तो कॅमेरा पायरीवर ठेवून नुसता बसला. मला वाटलं, आता बाळासो टोमणा मारतील. बाळासो म्हणाले, "जेवलायस काय?"

आकारामनं कॅमेरा उचलून हलवून बघितला. म्हणाला, "मला उघडू देशील?"

"काका, तुम्ही डिजिटल कधी—"

"न्हाय. कधीच न्हाय. पर त्यांनी होणार न्हाय म्हटलंय. मग माझ्या हातनं बिघडंल म्हणायची भीती न्हाय." मग माझ्याकडं वळला. "बाई, तुम्ही लागणार मला. मी उघडत जातो. कुठला स्क्रू कुठनं निघाला, कुठली पट्टी कशी घडी घालून बसलीया, तुम्ही चित्र काढायचं. मला परत लावायचं असतंय."

दुकानात बोळाची धूळ येते म्हणून काम त्याच्या घरी करायचं ठरलं. शालूबाईंनी पुढच्या खोलीतली कॉट हलवून टेबल ठेवलं, त्यावर धुतलेली पांढरी चादर घातली आणि पंखा बंद केला. "स्क्रू चादरीवर पडंल, जमिनीवर न्हाय," त्या म्हणाल्या. "आणि शिंक आली तर भाईर जावा, काय?" भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली दिवा होता, तो त्यांनी टेबलाजवळ ओढून दिला. आकारामनं गुजरीतल्या एका सोनाराकडून डोक्याला बांधायचं भिंग मागून आणलं होतं, कारण त्याच्या स्वतःच्या भिंगातून हे स्क्रू पुरेसे मोठे दिसत नव्हते.

पहिल्या दिवशी त्यानं फक्त फ्लॅशचं झाकण काढलं आणि आत साठलेली वीज काढून टाकली. "हे आधी. न्हायतर घोडा लाथ मारतोय," एवढं बोलून त्यानं काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी मागची बाजू निघाली.

आत काय असेल याची मी काही कल्पना केली नव्हती. आम्ही तीन महिने ज्याच्याबद्दल भांडलो त्याचं फक्त कातडं बघितलं होतं. भिंगाखाली आत एक गावच होतं. सर्किटच्या हिरव्या पाटीवर तिळाहून बारीक ठोकळे, ओळीत, एकाचीही मान वाकडी नाही. कागदासारख्या पातळ, वीज नेणाऱ्या तपकिरी पट्ट्या तीन-तीन घड्या घालून फटीतून गेलेल्या. लेन्सच्या पोटात शटरची पाती, माशीच्या पंखाएवढी. मी पेन्सिल हातात धरून बसले होते आणि माझ्याच्यानं रेघ ओढवत नव्हती.

आकारामही थांबला होता. मग म्हणाला, "बाई, ह्यो स्क्रू बघा. ह्याच्या डोक्यावर सुईच्या टोकाएवढा लाल रंग लावलाय. हलू नये म्हणून. हे मशीनचं काम न्हवं. हातानं लावलाय कुणीतरी. ब्रश एका केसाचा असणार." तो लाल ठिपका त्यानं मला, शालूबाईंना, मग राजवीरला दाखवला. "ह्या माणसाला फेटा-बिटा काय म्हायती असणार. त्यानं आपलं काम केलंय."

सोळा दिवस लागले. रोज संध्याकाळी शाळा सुटली की मी जायचे. एकेक थर निघायचा, मी त्याचं चित्र काढायचे, आकडे घालायचे. एकसष्ट स्क्रू निघाले. आकारामनं प्रत्येक पाटी स्पिरिटनं, बारीक ब्रशनं धुतली. धबधब्याची माती पट्ट्यांच्या टोकांत जाऊन बसली होती. हिरवी बुरशी चढल्यासारखी दिसणारी टोकं त्यानं खोडरबराच्या कोपऱ्यानं, एकेक करून, चमकेपर्यंत घासली. एका टोकात मोजून चौतीस रेघा होत्या. ते टोक घासायला त्याला दोन संध्याकाळ लागल्या. तेव्हा त्याचा श्वास इतका सावकाश व्हायचा की मीही नकळत श्वास रोखायचे. बाळासो रोज यायचे, दारात उभे राहायचे, आत यायचे नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "माझा हात जड हाय. लांबच बरा."

सगळं परत बसवल्यावर राजवीरनं बॅटरी घातली. बटण सरकवलं. छोटा हिरवा दिवा लागला, लेन्समध्ये काहीतरी सरकलं, आणि टिक् झालं. शालूबाईंनी हात जोडले. पण मागचा स्क्रीन काळाच राहिला. आकारामनं आणखी दोन दिवस प्रयत्न केला. स्क्रीनची पट्टी आतूनच कुजली होती, ती घासून होणारी नव्हती आणि तसली दुसरी मिळणारी नव्हती.

"माफ कर," तो राजवीरला म्हणाला. "डोळा वाचला, आरसा गेला."

राजवीर कॅमेरा हातात फिरवत होता. "स्क्रीन नाही म्हणजे मेनू नाही. काहीच लावता येणार नाही."

"काय लावायचं असतंय तुला?" आकारामनं विचारलं. "शटरची चकती वर हाय. उजेडाचं कडं लेन्सला हाय. बघायला खिडकी हाय. फोटो काढायला अजून काय लागतंय?"

ज्या चकत्यांना बाळासो दिखाऊ म्हणत होते, त्या तारेनं थेट आतल्या पाटीला जोडलेल्या होत्या. त्या तारांचं चित्र मी स्वतः काढलं होतं, क्रमांक एकोणीस. स्क्रीन असो नसो, त्या चालत होत्या. फोटो कार्डावर उमटत होता, फक्त घरी जाऊन बघावा लागणार होता, रोल धुवून आणल्यासारखा.

बाळासो दारातून आत आले. चकती फिरवली, खिडकीतून बघितलं. मग राजवीरला म्हणाले, "म्हैस गाळात गेलती. शिंगाला धरून वर काढली म्हणायची ह्यानं." कबुली म्हणून त्यांच्याकडून एवढंच मिळालं, आणि राजवीरनं ते पुढं ताणलं नाही.

"काका, पहिला फोटो तुम्ही काढा," राजवीर आकारामला म्हणाला.

आकाराम कचरला. अठरा वर्षांत त्यानं किती हजार वेळा शटर दाबलं असेल, पण रिकाम्या कॅमेऱ्याचं. त्यानं स्वतः एखादा फोटो काढलेला आम्हाला कुणालाच आठवत नव्हता. मग बाळासोंना म्हणाला, "दादा, दारात उभं ऱ्हावा. उजेड हाय तिथं."

"माझा कशाला? शालूबाईचा काढ."

"उभं ऱ्हावा की."

बाळासो उभे राहिले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना 'मान सरळ, जरा हसा' म्हणणाऱ्या माणसाला हात कुठं ठेवायचे कळेना. त्यांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. आकारामनं आभाळाकडं बघून कडं फिरवलं, चकती एकशे पंचवीसवर आणली आणि बटण दाबलं. एकदाच.

तो फोटो स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा आम्ही सगळे पुढं सरकलो. टोपी हातात, केस विस्कटलेले, कपाळावर टोपीची रेघ, आणि बाळासो कॅमेऱ्याकडं नाही, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडं बघत होते. कारखान्यातल्या पोत्यावर बसलेल्या त्या गड्याकडं त्यांनी अठरा वर्षांपूर्वी असंच बघितलं असेल. उजेड नेमका होता, जराही कमीजास्त नाही. बाळासो स्क्रीनसमोर वाकून बराच वेळ स्वतःचा चेहरा बघत होते. शेवटी म्हणाले, "मी असा दिसतोय व्हय?"

राजवीर अजून तोच कॅमेरा वापरतो. इंटरनेटवर त्यानं त्याबद्दल लिहिलं, आणि लांबलांबचे लोक त्याला कळवू लागले की आता आम्हीही स्क्रीनवर काळी पट्टी चिकटवून फोटो काढतोय. बाळासोंच्या मते हे येडेपण आहे, आणि त्यावर दर रविवारी नव्यानं भांडण होतं.

आकाराम आता डिजिटल कॅमेरे उघडतो. सगळे दुरुस्त होत नाहीत. न होणारा तो त्याच दिवशी परत देतो. पण टेबल रिकामं नसतं. प्रत्येक नव्या जातीचा कॅमेरा आला की शाळेत निरोप येतो आणि मी पेन्सिल घेऊन जाते. गेल्या महिन्यात निपाणीहून एक मेकॅनिक आला होता. आकारामनं त्याला माझ्या चित्रांची फाइल दिली. तो पायरीवर बसून दुपारभर एकेक पान उलटत होता, मधूनच बोटानं एखाद्या तारेवरून जात होता. जाताना त्यानं विचारलं, ही चित्रं कुठल्या कंपनीनं छापलीत. आकारामनं माझ्याकडं बोट केलं. बावीस वर्षं मी मुलींना फुलदाण्या आणि निसर्गचित्रं शिकवत आलेय, शाळेच्या भिंतीवर माझी चित्रं टांगलेली आहेत. त्या मेकॅनिकनं फाइल बंद करून दोन्ही हातांनी मला परत दिली, तेव्हा तिच्या कोपऱ्यांना तेलाचे आणि स्पिरिटचे डाग पडलेले मला दिसले, आणि ती पिशवीत ठेवताना मी ते पुसले नाहीत.